हायड्रोलायझेटमध्ये यीस्ट अडकलं तर: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

साध्या ग्लुकोजवर झकास चालणारं यीस्ट लाकडाच्या भुशाच्या किंवा पिकाच्या काडाच्या हायड्रोलायझेटमध्ये, म्हणजे ते मोडून काढलेल्या साखरेच्या द्रावणात, टाकलं की एकदम थंड पडतं. बारा तास उलटले तरी फेस नाही, वायू नाही, साखर जिथल्या तिथे. नवा माणूस इथे दोनपैकी एक गोष्ट हमखास करतो: फ्लास्क ओतून देतो, नाहीतर स्ट्रेन, म्हणजे यीस्टचा वाण, बदलायला निघतो. दोन्ही घाईचं आहे. त्या बारा तासांत यीस्ट बहुतेक वेळा मेलेलं नसतं. ते कामच करत असतं, ते काम तुम्ही मोजत नसता एवढंच.

हा लेख फ्लास्कवर किंवा छोट्या फर्मेंटरवर पहिल्यांदाच बायोमासपासून इथेनॉल करू पाहणाऱ्यांसाठी आहे. यीस्ट म्हणजे इथे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. मला विचाराल तर यशापयश स्ट्रेनच्या नावापेक्षा तीन गोष्टींवर जास्त ठरतं: पीएच किती ठेवला, पेशी किती टाकल्या आणि त्या कुठल्या अवस्थेत टाकल्या. स्ट्रेनचा विचार त्यानंतर.

१. विष कुठून आलं ते आधी समजून घ्या

बायोमासमधली साखर सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजमध्ये अडकलेली असते आणि भोवती लिग्निनचं कुंपण असतं. ते मोडण्यासाठी प्रीट्रीटमेंट करावी लागते. सौम्य सल्फ्युरिक आम्ल वापरलं तर तापमान साधारण १६० ते २०० अंश सेल्सिअस जातं. इतक्या उष्णतेत सगळ्या साखरा शाबूत राहत नाहीत. झायलोजसारख्या पाच कार्बनी साखरेतून पाणी निघून जाऊन फरफ्युरल होतं, ग्लुकोजसारख्या सहा कार्बनी साखरेतून हायड्रॉक्सीमिथाइल फरफ्युरल, म्हणजे एचएमएफ. ही दोन्ही आणखी तुटली की फॉर्मिक आम्ल येतं, एचएमएफमधून सोबत लेव्हुलिनिक आम्लही.

ॲसेटिक आम्लाची गोष्ट वेगळी. ते जास्त शिजवल्यामुळे येत नाही. हेमिसेल्युलोजला ॲसिटाइल गट मुळातच चिकटलेले असतात, साखळी तुटली की ते सुटतात. त्यामुळे प्रीट्रीटमेंट कितीही हलक्या हाताने केली तरी ॲसेटिक आम्ल तुमच्या वाट्याला येणारच. तिसरा गट लिग्निनच्या तुकड्यांचा: व्हॅनिलिन, सिरिंगाल्डिहाइड, फेरुलिक आम्ल, कोनिफेरिल आल्डिहाइड अशी फिनॉलिक मंडळी. प्रमाणाने थोडी, पण त्यातली काही फार जहाल.

यीस्ट या तिघांशी तीन तऱ्हांनी झुंजतं आणि हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचे आलेख आपोआप वाचता येतात.

फरफ्युरल आणि एचएमएफ पेशीत शिरून थेट एन्झाइमांना खीळ घालतात. अल्कोहोल डिहायड्रोजिनेज, पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज आणि आल्डिहाइड डिहायड्रोजिनेज ही त्यातली मुख्य. शिवाय पेशीत ऑक्सिजनचे घातक रेणू वाढतात. यीस्टचं उत्तर म्हणजे या आल्डिहाइडचं अल्कोहोल करून टाकायचं. फरफ्युरलचं फरफ्युरिल अल्कोहोल होतं आणि ते कितीतरी कमी त्रासदायक असतं. एडीएच६, एडीएच७, जीआरई२ यांसारख्या जनुकांची एन्झाइमं हे काम करतात आणि त्यासाठी एनएडीएच किंवा एनएडीपीएच (पेशीत इलेक्ट्रॉन पुरवणारे रेणू) खर्च होतं. एनएडीपीएचचा मोठा पुरवठा पेंटोज फॉस्फेट मार्गातून येतो. म्हणूनच त्या मार्गाचं झेडडब्ल्यूएफ१ हे जनुक काढून टाकलेलं यीस्ट फरफ्युरलपुढे फार लवकर मान टाकतं. फरफ्युरल आधी संपतं, एचएमएफ मागून आणि हळू. हे काम उरकेपर्यंत वाढ थांबलेली असते. तोच तुमचा लांबलेला लॅग फेज, म्हणजे वाढीआधीचा थांबा.

ॲसेटिक आम्लाला यीस्ट असं संपवून टाकू शकत नाही. आम्लाचा विघटन न झालेला रेणू पेशीच्या पटलातून आत झिरपतो, आतला पीएच तटस्थाच्या आसपास असल्यामुळे तिथे तुटतो आणि प्रोटॉन सोडतो. पीएमए१ नावाचा पंप तो प्रोटॉन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) जाळून बाहेर फेकतो, तोवर पुढचा रेणू आत आलेला असतो. गळक्या होडीतून पाणी उपसत राहावं तसं हे शेवटपर्यंत चालतं. एचएए१ हा नियंत्रक घटक ॲसेटिक आम्लाविरुद्धची बरीच जनुकं जागी करतो, पण एटीपीचा भुर्दंड टळत नाही.

फिनॉलिक संयुगं पटलच खिळखिळं करतात. व्हॅनिलिनचं व्हॅनिलिल अल्कोहोल होतं. फेरुलिक आम्लाचा कार्बोक्सिल गट पॅड१ आणि एफडीसी१ ही जोडगोळी काढून टाकते.

आणि हे सगळे एकत्र असले की त्रास नुसती बेरीज राहत नाही, त्याहून जास्त होतो. फरफ्युरल काढायला एनएडीपीएच हवं आणि आम्ल उपसायला एटीपी, दोन्हीची सोय साखरेतूनच व्हायची असते.

२. जमवाजमव

सुरू करण्याआधी हे हाताशी असू द्या:

- हायड्रोलायझेटची एकच मोठी बॅच, लहान बाटल्यांत वाटून गोठवलेली
- प्रीट्रीटमेंटची नोंद: तापमान, वेळ, आम्लाचं प्रमाण, घन पदार्थाचं प्रमाण
- ०.२ मायक्रॉनचे फिल्टर
- एचपीएलसी (द्रावणातली संयुगं वेगळी करून मोजणारं यंत्र), आरआय (अपवर्तनांक) आणि यूव्ही (अतिनील) असे दोन्ही डिटेक्टर असलेलं
- ग्लुकोज, झायलोज, इथेनॉल, ग्लिसरॉल, ॲसेटिक आम्ल, फॉर्मिक आम्ल, फरफ्युरल आणि एचएमएफ यांची प्रमाणित द्रावणं
- मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू
- एक औद्योगिक स्ट्रेन आणि एक प्रयोगशाळेतला स्ट्रेन

शेवटच्या मुद्द्यावर थोडं बोलायला हवं. सीईएन.पीके कुळातले स्ट्रेन जनुकीय कामाला उत्तम, पण कच्च्या हायड्रोलायझेटमध्ये नाजूक. इथेनॉल रेड किंवा ब्राझीलच्या ऊस-इथेनॉल कारखान्यांतून आलेले पीई-२ आणि सीएटी-१ यांसारखे स्ट्रेन जास्त टणक असतात. दोन्ही प्रकार शेजारी शेजारी लावले की अडचण हायड्रोलायझेटची की यीस्टची, हे पहिल्याच फेरीत कळतं.

फरफ्युरलची बाटली उघडताना फ्यूम हूड आणि हातमोजे हवेतच, कारण ते त्वचेतूनही शरीरात जातं. ताजं फरफ्युरल जवळजवळ रंगहीन असतं, उजेडात आणि हवेत राहिलं की पिवळं, मग काळपट तपकिरी होतं. काळ्या पडलेल्या बाटलीतून प्रमाणित द्रावण करू नका.

३. हायड्रोलायझेटची चाचणी आणि पीएच

आधी मोजा, मग यीस्टला हात लावा. अमिनेक्स एचपीएक्स-८७एच कॉलम, ५ मिलिमोलर सल्फ्युरिक आम्ल, मिनिटाला ०.६ मिलिलिटर प्रवाह, ही या कामातली रुळलेली पद्धत. साखरा, आम्लं आणि इथेनॉल आरआयवर बघा, फरफ्युरल आणि एचएमएफ २८० नॅनोमीटरच्या आसपास यूव्हीवर.

यात एक सापळा आहे. इथेनॉल दिसलं की लोक रन, म्हणजे त्या नमुन्याचं मोजमाप, थांबवतात. फरफ्युरल त्या कॉलमवरून फार उशिरा उतरतं, इथेनॉलच्या जवळपास दुप्पट वेळाने. रन लवकर तोडली तर या नमुन्याचं फरफ्युरल पुढच्या नमुन्याच्या आलेखात भलत्याच जागी उगवतं आणि कुठलंसं नवं संयुग सापडलं अशी समजूत होते. पहिल्यांदा नुसतं फरफ्युरल टाकून ते नेमकं केव्हा येतं ते बघून घ्या आणि रन त्याच्या पुढे नेऊनच थांबवा. याच कॉलमवर झायलोज, मॅनोज आणि गॅलॅक्टोज एकमेकांत मिसळून येतात. लाकूड सॉफ्टवुड असेल तर मॅनोज भरपूर असतं, तेव्हा तो आकडा नुसता झायलोजचा समजू नका.

आता पीएच. या सगळ्या प्रकारात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित औषध हेच. ॲसेटिक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मं आम्ल विघटित असतं तो आकडा, ४.७६ आहे. त्यावरून पेशीत घुसू शकणारा, विघटन न झालेला भाग असा निघतो: पीएच ४.५ ला सुमारे ६५ टक्के, ५.० ला ३७ टक्के, ५.५ ला १५ टक्के, ६.० ला अवघे ५ टक्के. तुमच्या हायड्रोलायझेटमध्ये लिटरला ६ ग्रॅम ॲसेटिक आम्ल असेल तर ४.५ वर यीस्टला जवळजवळ ४ ग्रॅम झेलावं लागतं आणि ५.५ वर १ ग्रॅमही नाही. एकूण आम्ल तेवढंच, यीस्टसाठी दुनिया वेगळी.

मग थेट ६ वर का ठेवू नये? तिथे लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंची चंगळ होते. शिवाय सेल्युलेज एन्झाइमं त्याच भांड्यात असतील तर त्यांना ५ च्या आसपासच बरं वाटतं. मी स्वतः ५.५ पासून सुरुवात करण्याच्या बाजूचा आहे.

पीएच चढवताना सोडियम हायड्रॉक्साइड भसाभस ओतू नका. आम्ल जितकं जास्त, तितकं मीठ तयार होणार, आणि सोडियमचा ताण यीस्टला वेगळाच बसतो. अमोनियाने चढवलं तर नायट्रोजनचीही सोय होते, फक्त पुढे खतपाणी घालताना तो नायट्रोजन हिशेबात धरा.

निर्जंतुकीकरणासाठी हायड्रोलायझेट ऑटोक्लेव्ह करू नये. आम्लात साखर पुन्हा तापवली की नवं फरफ्युरल आणि एचएमएफ बनतं आणि तुमचं मोजमाप बाद होतं. आधी सेंट्रिफ्यूज, मग ०.२ मायक्रॉन फिल्टर. फिल्टर पटापट बुजतात, जास्तीचे ठेवा.

४. कंट्रोल लावल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही

कंट्रोल म्हणजे तुलनेसाठीचे फ्लास्क, किमान तीन हवेत. पहिला, शुद्ध माध्यम आणि तेवढीच साखर. दुसरा, हायड्रोलायझेट पण यीस्टविना: फरफ्युरल उडून जाणारं आहे, नायट्रोजन वायू सोडत असाल तर जास्तच, आणि यीस्टने संपवलं की हवेत गेलं हे या फ्लास्कशिवाय सांगता येत नाही. तिसरा, शुद्ध माध्यमात तुम्ही मोजलेली फरफ्युरल, एचएमएफ आणि आम्लं त्याच प्रमाणात बाहेरून घातलेली. तिसऱ्यात यीस्ट चाललं आणि खऱ्या हायड्रोलायझेटमध्ये अडलं, तर दोष न मोजलेल्या गोष्टींत आहे: फिनॉलिक, क्षार किंवा पोषणाची उणीव.

मुख्य प्रयोगात हायड्रोलायझेटचं प्रमाण २०, ४०, ६०, ८० टक्के असं चढवत न्या. पाणी घालून पातळ केलं की साखरही पातळ होते हे विसरू नका. प्रत्येक फ्लास्कमध्ये बाहेरून ग्लुकोज घालून साखर सारखी करा, नाहीतर २० टक्क्यांच्या फ्लास्कमध्ये इथेनॉल कमी दिसेल आणि तुम्ही उलटा निष्कर्ष काढाल.

पोषणासाठी यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि पेप्टोन ओतण्याचा मोह आवरा. समृद्ध माध्यमात यीस्ट बरंच काही सहन करून जातं, पण ते यश अमिनो आम्लांचं असतं आणि मोठ्या प्रमाणावर काम करताना तेवढं पेप्टोन कोणी घालत नाही. अमोनियम क्षार किंवा युरिया, थोडं मॅग्नेशियम आणि जस्त एवढ्यावर चाचणी घ्या. हवा पूर्ण बंद ठेवणार असाल तर लिटरला १० मिलिग्रॅम अर्गोस्टेरॉल आणि ४२० मिलिग्रॅम ट्वीन ८० लागतं, कारण ऑक्सिजनशिवाय यीस्टला स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं बनवता येत नाहीत. पटल कच्चं राहिलं तर आम्ल आणि फिनॉल दोघांचंही फावतं.

५. पेशी आधी सवयीच्या करा

या टप्प्याला जो वेळ द्याल तो सगळा वसूल होतो. नुसत्या ग्लुकोजवर वाढलेल्या पेशीला फरफ्युरल म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. तिला थेट हायड्रोलायझेटमध्ये टाकलं की रिडक्टेज एन्झाइमं (आल्डिहाइडचं अल्कोहोल करणारी) बनवायची वेळ आणि विषबाधेची वेळ एकच येते. म्हणून सीड कल्चरमध्येच, म्हणजे विरजणाच्या पेशी वाढवतानाच, थोडं हायड्रोलायझेट पाजा.

अ. रात्रभरचं कल्चर ताज्या माध्यमात भरपूर हवा देऊन वाढवा.
आ. ग्लुकोज संपत आलं की थेंबाथेंबाने फीड सुरू करा. या फीडमध्ये नेहमीच्या माध्यमासोबत ज्या हायड्रोलायझेटवर पुढे काम करायचं आहे तेच मिसळा. सुरुवात सौम्य ठेवा आणि पेशी वाढत राहतात असं दिसलं की प्रमाण चढवा.
इ. फीड संपल्यावर पेशी सेंट्रिफ्यूज करून लगेच वापरा. सलाइनमध्ये तासन्तास ठेवल्या तर अंगातली तयारी ओसरते.

अशा पेशींचा लॅग फेज बिनसवयीच्या पेशींपेक्षा स्पष्टपणे आखूड दिसतो. ही जनुकांतली सुधारणा नव्हे. साध्या माध्यमात काही पिढ्या वाढवल्या की सवय जाते, त्यामुळे दर वेळी सीड पुन्हा तयार करावं लागतं.

किती पेशी टाकायच्या? ‘लिटरमागे फरफ्युरल किती’ याच्याइतकाच ‘पेशींमागे फरफ्युरल किती’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. लिटरला २ ग्रॅम फरफ्युरल म्हणजे सुमारे २१ मिलिमोल, आणि ते सगळं उपलब्ध पेशींनाच वाटून घ्यायचं असतं. लिटरला अर्धा ग्रॅम कोरडं यीस्ट टाकलं तर तेच फरफ्युरल दिवसभर छळेल, ४ ग्रॅम टाकलं तर काही तासांत साफ होईल. दोन स्ट्रेनची तुलना करताना इनॉक्युलमचं (टाकलेल्या पेशींचं) कोरडं वजन सारखं नसेल तर ती तुलना फेकून द्या.

६. फ्लास्क लावा आणि वजन करा

रबरी बुचात सुई खोचून वायूला वाट द्या आणि ३० अंशांवर हलवत ठेवा. गडद तपकिरी हायड्रोलायझेटमध्ये ओडीवर, म्हणजे गढूळपणावरून पेशी मोजण्यावर, भरवसा नको. रंगही प्रकाश अडवतो, साकाही. त्यापेक्षा फ्लास्कचं वजन करा. ग्लुकोजच्या एका रेणूतून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू निघतात, म्हणजे जितकं वजन घटलं त्याला १.०४५ ने गुणलं की इथेनॉलचा अंदाज मिळतो. १०० मिलिलिटरमध्ये ४ ग्रॅम ग्लुकोज असेल तर जास्तीत जास्त १.९६ ग्रॅम वायू जाईल. दर दोन तासांनी तराजूवर ठेवा, नमुना न काढता वक्र तयार. बाष्पीभवनाची वजाबाकी यीस्टविना फ्लास्कवरून करा.

एचपीएलसीचे नमुने सुरुवातीच्या तासांत दाट घ्या, कारण खरी घडामोड तिथे आहे. नमुना काढला की लगेच थंड करून फिल्टर करा. बाकावर उभ्या नमुन्यात यीस्ट काम थांबवत नाही.

७. आलेख काय सांगतो

साखर स्थिर, पण फरफ्युरल उतरतंय: यीस्ट जिवंत आहे, थांबा. फरफ्युरल शून्याजवळ आलं की साखर घसरू लागते, आणि ते वळण बहुतेक वेळा ठसठशीत दिसतं.

साखर स्थिर आणि फरफ्युरलही स्थिर: इथे खरोखर गडबड आहे. पेशी मिथिलिन ब्लूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. निळ्या म्हणजे मेलेल्या. जिवंत पेशी बऱ्याच असतील तर इनॉक्युलम वाढवून बघण्यात अर्थ आहे.

फरफ्युरल संपलं, तरी साखर रेंगाळत खाली येतेय: संशय आम्लावर. आधी पीएच तपासा, किण्वनात तो खाली सरकतो आणि आम्लाचा डंख वाढवतो. पीएच ठीक असेल तर फिनॉलिकचा विचार करा.

ॲसेटिक आम्ल वाढतंय आणि सोबत लॅक्टिकचं शिखर उगवलं: जिवाणू शिरलेत.

उत्पन्न काढताना खाल्लेल्या साखरेने भागा. सैद्धांतिक कमाल ग्रॅमला ०.५१ ग्रॅम आहे. ०.४६ आलं तर ९० टक्के झालं. थोडंसं ॲसेटिक आम्ल असताना उत्पन्न शुद्ध माध्यमापेक्षा किंचित जास्त आलं तर दचकू नका. एटीपीचा खर्च वाढल्याने पेशी कमी वाढतात आणि साखर इथेनॉलकडे वळते. ग्लिसरॉल कमी दिसलं तरी त्यामागे कारण आहे: फरफ्युरलने एनएडीएच खाल्लं की जास्तीचं एनएडीएच ग्लिसरॉलमध्ये रिचवायची गरज उरत नाही.

८. तरी अडत असेल तर

डिटॉक्सकडे, म्हणजे विष आधीच काढून टाकण्याकडे, सगळ्यात शेवटी वळा. चुन्याने पीएच १० च्या आसपास नेऊन परत खाली आणणं, म्हणजे ओव्हरलायमिंग, हे जुनं आणि परिणामकारक आहे, पण जिप्समचा ढीग होतो आणि जरा जास्त वेळ किंवा तापमान झालं की साखरही जाते. सक्रिय कोळसा फिनॉलिक आणि फ्युरान (फरफ्युरल, एचएमएफ) चांगले शोषतो, ॲसेटिक आम्लाला मात्र फारसा हात लावत नाही. लॅकेज एन्झाइम फिनॉलिकपुरतं निवडक काम करतं, त्यामुळे दोष फिनॉलिकचा आहे का याची चाचणी म्हणूनही ते कामाचं.

त्याआधी फेड-बॅच करून बघा. हायड्रोलायझेट एकदम न ओतता हळूहळू सोडलं की आलेलं फरफ्युरल यीस्ट तिथल्या तिथे संपवतं आणि भांड्यातलं प्रमाण चढतच नाही. वायूचा वेग हा तुमचा लगाम. फीड वाढवल्यावर वायू वाढला तर पुढे जा, वायू मंदावला तर फीड ताबडतोब थांबवा. ‘जरा वेळ बघू’ म्हणाल तेवढ्यात फरफ्युरल साचतं आणि पेशी हातच्या जातात. ॲसेटिक आम्ल मात्र या युक्तीने संपत नाही, ते साचतच राहतं.

स्ट्रेनच सुधारायचा असेल तर वाढत्या हायड्रोलायझेटमध्ये पुन्हापुन्हा पुढे नेत निवड करतात. काही महिन्यांचं काम आहे. निवडलेला वंश साध्या माध्यमात बऱ्याच पिढ्या वाढवून मग पुन्हा हायड्रोलायझेटमध्ये टाका. तेव्हाही टिकला तरच बदल जनुकांत आहे, नाहीतर ती पाचव्या टप्प्यातली तात्पुरती सवय.

झायलोज शिल्लक राहिलं म्हणून विषाला दोष देण्याआधी आपला स्ट्रेन तपासा. रानटी सॅकरोमायसिस सेरेव्हिसी झायलोजपासून इथेनॉल करतच नाही. त्यासाठी शेफरसोमायसिस स्टिपिटिस या दुसऱ्या यीस्टमधली रिडक्टेज आणि डिहायड्रोजिनेजची जोडी, नाहीतर झायलोज आयसोमरेज, बाहेरून घातलेली असावी लागते. ती असली तरी झायलोजवर यीस्टला एटीपी सावकाश मिळतं, त्यामुळे ग्लुकोज संपल्यावर तेच ॲसेटिक आम्ल कितीतरी जास्त जाचतं. अशा स्ट्रेनसाठी पीएच शेवटपर्यंत ५.५ च्या खाली जाऊ देऊ नका, आणि फेड-बॅचमध्ये ग्लुकोजचा बारीक पुरवठा झायलोज संपेपर्यंत चालू ठेवून बघा.